सरळ केलेली तलवार

रॉरी मॅकास्किल वारले तेव्हा त्यांच्या शिष्यांनी त्यांची तलवार भट्टीत घालून लाल केली आणि वाकवली. मी तिथंच होते. लोखंड वाकवणं मी आयुष्यभर पाहत आले, पण इतकी माणसं गप्प उभी राहून लोखंडाकडं बघताना पहिल्यांदाच पाहिली. दाढीवाले, लोकरीचे जाड अंगरखे घातलेले बाप्ये रडत होते. त्यातला एक माझ्या मुलाच्या, संग्रामच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करतो.

आम्ही इकडं परदेशात, स्टेट कॉलेज नावाच्या गावात राहतो. संग्रामची मुलगी सावनी इथल्याच विद्यापीठात इतिहास शिकते. कॉलेजात पाऊल टाकल्यापासून ती गावाबाहेर रॉरीमास्तरांकडं तलवार शिकायला जात होती. मक्याच्या शेतांमागं त्यांचं लाल रंगाचं लाकडी कोठार आहे, तिथंच त्यांचा आखाडा. मास्तर पूर्वी शाळेत सुतारकाम शिकवायचे. उंच, वाकलेले, आणि अंगाला कायम जवसाच्या तेलाचा वास. तलवारींच्या लाकडी मुठींना ते रोज हे तेल चोळत. मला त्या वासानं गावाकडचं घर आठवायचं.

मी कधी सावनीबरोबर गेले की धडा संपल्यावर मास्तरांना गूळपाणी द्यायची. कऱ्हाडला आमचं ट्रकच्या चाकांवरचे लोखंडी कमानपाटे सरळ करायचं दुकान होतं. तिथली आमची रीतच तशी. काम संपलं की भट्टीवरच्या माणसाला गूळपाणी, आणि हत्यार खाली ठेवल्याशिवाय ते हातात घ्यायचं नाही. पेला दोन्ही हातांनी धरायचा. मास्तरांना एकदा सांगितलं, मग त्यांनी कधी चुकवलं नाही. तलवार जमिनीवर ठेवायचे, दोन्ही हातांनी पेला धरून पाणी प्यायचे आणि म्हणायचे, "थँक यू, अहिल्या." गुळाचा खडा मात्र हळूच खिशात टाकायचे. त्यांना गूळ आवडायचा नाही, पण तोंडावर सांगवायचं नाही.

"आजी, तो गूळ त्याच्या घोडीला मिळतो," सावनीनं एकदा फोडलं.

"मग घोडीला तरी अक्कल आहे," मी म्हटलं.

सावनी जेवताना जे सांगायची त्यावरून मला कळलं ते एवढं. स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात बेटं आहेत. नॉर्वेकडचे लोक जहाजांतून तिथं आले. आधी लुटलं, मग शेती करून तिथंच राहिले, तिथल्याच बायका केल्या. पुढं कित्येक पिढ्या बेटांवर त्यांचंच राज्य होतं. मुलं बापाकडून एक भाषा शिकायची, आईकडून दुसरी. मॅकास्किल म्हणजे आस्किलचा मुलगा. 'मॅक' बेटांवरचं आणि 'आस्किल' नॉर्वेचं. "आडनावातच लग्न लागलंय बघ," ती म्हणायची. तिची मंडळी त्या काळातले कपडे शिवायची, त्या काळातल्या चिलखताच्या कड्या गुंफायची, आणि वर्षातून काही वेळा कुठल्यातरी मैदानावर तंबू ठोकून तसंच राहायची. मी एकदा गेले होते. लाकडी वाडग्यात जवाची पेज होती. मीठ कमी होतं.

तलवार का वाकवतात हे मी तिला मास्तरांची वाकवली त्याच दिवशी विचारलं होतं. तिनं एका जाड पुस्तकातला फोटो दाखवला. थडग्यात सापडलेली तलवार, गंजून तपकिरी झालेली आणि दुमडलेली.

"कुणी म्हणतं, चोरांनी थडगं उकरू नये म्हणून. कुणी म्हणतं, मालक मेला की तलवारीनंपण मरायला हवं. रॉरी म्हणायचा, तलवार सरळ राहिली की मेलेला माणूस स्वस्थ पडत नाही."

"आणि खरं काय?"

"पुस्तकात सगळंच आहे, आजी. नक्की कुणालाच माहीत नाही."

मास्तरांची राख आणि ती तलवार पुढच्या उन्हाळ्यात त्यांची बायको मोराग त्यांच्या आजोळच्या बेटावर नेणार होती. तोवर ती तलवार घरात नको म्हणाली. "तू सांभाळ," असं सांगून तिनं ती सावनीच्या हातात दिली. तशी ती आमच्या गॅरेजमध्ये आली, टोक मुठीकडं वळलेली, मोठ्या कडीसारखी.

गॅरेजचा अर्धा भाग सावनीचा होता. भिंतीवर खुंट्या, खुंट्यांवर तिच्या तलवारी, कोपऱ्यात मास्तरांनीच दिलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. त्यावर ती कड्या ठोकायची. जमिनीवर खडूची एक जाड रेष होती. तशीच रेष मास्तरांच्या कोठारात होती. शिष्यानं रेषेच्या अलीकडं उभं राहायचं, मास्तरांनी पलीकडं. मास्तर बोलावतील तेव्हाच रेष ओलांडायची. तो शेवटचा धडा. त्यानंतर शिष्य मास्तरांच्या समोर उभा राहत नाही, त्यांच्या बाजूला उभा राहतो. सावनीचा तेवढाच एक धडा राहिला होता. ऑगस्टमध्ये मास्तर झोपेतच गेले.

पितृपंधरवडा संपला, नवरात्र बसलं. खंडेनवमीच्या दिवशी सावनी तिच्या मंडळींबरोबर व्हर्जिनियाला तंबूत होती. सून हिमानी ऑफिसच्या कामासाठी दिवाळीपर्यंत दूर प्लेनो शहरात. घरात मी आणि संग्राम दोघंच. इथं झेंडू मिळणं कठीण, पण भोपळे विकणाऱ्या बाईकडं कुंड्या होत्या, त्या संग्रामनं आणल्या. पाटावर त्यानं सगळं मांडलं. लॅपटॉप, गाडीची किल्ली, पकड, स्क्रूड्रायव्हर, माझी विळी, सावनीच्या तलवारी. शेवटी ती वाकलेली तलवार हातात घेऊन उभा राहिला.

"आई, हिचं काय करायचं? हिला सोडून बाकीच्यांची पूजा करणं बरं दिसत नाही. आणि अशी खंडित पाटावर चालते का?"

"वाकलेलं हत्यार पाटावर ठेवत नाहीत," मी म्हटलं. "तुझ्या बापानं कधी ठेवू दिलं नसतं."

"मग सरळ करू या? सावनीला सरप्राइज."

आम्हा दोघांनाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. वाकलेलं सरळ करायचं, यावर आमचं घर चाललं होतं. संग्रामनं अंगणातली बार्बेक्यूची शेगडी पेटवली आणि भात्याच्या जागी हिमानीचा हेअर ड्रायर लावला. कोळसा फुलला. मी सांडशी म्हणून मोठी पकड घेतली. पातं पिकल्या उंबराच्या रंगावर आलं, तसं रुळावर ठेवून मी लहान हातोड्यानं ठोकायला लागले. आमच्यात घण बाईच मारते, पण आता माझ्यात तेवढा जोर राहिलेला नाही. जोर लागलाच नाही. चार बोटं ठोकावं तर हातभर सरळ होत होतं. लोखंड कधी असं करत नाही. ते अडतं, उलट फिरतं. हे जणू कुणीतरी पलीकडून ओढून धरलं होतं.

"आई, अजून हात बसलेलाय तुझा," संग्राम कौतुकानं म्हणाला.

पूजा झाली. आमच्या घरात पूजेनंतर घरातलं मोठं माणूस एकेक हत्यार उचलतं, ज्याचं त्याचं नाव घेतं आणि म्हणतं, "घ्या, कामाला लागा." नाव घेतलं की त्यानं पुढं येऊन हत्यार हातात घ्यायचं. न येणं म्हणजे घराचा अपमान. अंगात ताप असला तरी माणूस उठून यायचा. माझ्या सासूबाईंना सगळं पाठ असायचं. मी उतारवयात वाचायला शिकले, तेव्हापासून संग्राम प्रत्येक हत्याराला नावाची पट्टी चिकटवतो आणि मी मोठ्यानं वाचते. तो माझा लाड करतो.

हिमानीचं नाव वाचलं, सावनीचं वाचलं. त्या घरी नव्हत्या, म्हणून त्यांची हत्यारं संग्रामनं घेतली. मग त्या तलवारीवरची पट्टी. सावनीच्या तलवारींत मिसळू नये म्हणून त्यानं तिच्यावरही नाव घातलं होतं. मी वाचलं, "रॉरी मॅकास्किल. घ्या, कामाला लागा."

संग्राम हसला. "मास्तर कुठून येणार आता?"

"असू दे. मानाचं असतं."

तेवढ्यात गॅरेजच्या बाहेरचा दिवा लागला. माणूस आला की आपोआप लागतो तो. संग्राम खिडकीतून डोकावला. "हरीण असेल," तो म्हणाला. इथं हरणं अंगणात येतातच.

दुसऱ्या दिवशी सावनी परतली. तलवार खुंटीवर सरळ लटकलेली बघून ती बराच वेळ दारातच उभी राहिली.

"कुणी केलं हे?"

"आम्ही दोघांनी. पूजेसाठी."

"आजी, ती मेलेली होती. मुद्दाम मारलेली होती."

तिनं ती खाली काढली, एका बोटावर तोलून बघितली. तिचा चेहरा बदलला. "बॅलन्स तसाच आलाय," ती हळू आवाजात म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "पाटावर ठेवलीस म्हणजे नावपण घेतलंस?"

"घेतलं."

"बापरे," ती हसून म्हणाली. "रॉरी कधी उशिरा येत नाही, आजी."

त्या संध्याकाळी मी देवापाशी दिवा लावत होते. स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये जायला दार आहे. त्या दारामागून पोलादावर पोलाद आपटल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, तिची मैत्रीण आली असेल. पण बाहेर कुणाची गाडी नव्हती. सावनी जेवायला आली तेव्हा घामानं भिजली होती आणि खुशीत होती. उजव्या मनगटाच्या बाहेरच्या बाजूला लाल वळ होता. तो मी ओळखला. शिष्याचा हात उघडा पडला की मास्तर पात्याच्या चपट्या बाजूनं तिथंच टिचकी मारायचे आणि म्हणायचे, "अगेन."

"कुठं लागलं गं?"

"काही नाही. लक्ष नव्हतं माझं."

हे रोज होऊ लागलं. दिवस लहान होत चालले होते, संध्याकाळ अलीकडं सरकत होती, तशी सावनी लवकर घरी यायची. पुढं पुढं विद्यापीठात जाणंच बंद झालं. ताटातलं तसंच राहायचं. मी तिचा हात धरला तर तो विहिरीतून काढलेल्या बादलीसारखा गार. आणि गॅरेजच्या दारातून जवसाच्या तेलाचा वास येऊन माझ्या स्वयंपाकात मिसळायला लागला. घरात ते तेल नव्हतं. मी सगळी कपाटं बघितली.

शेजाऱ्यांनी हॅलोवीनसाठी अंगणात प्लॅस्टिकचे सांगाडे बसवले होते. एक खुर्चीत पाय टाकून बसलेला, एक पाईपला लटकलेला. संग्राम त्यांच्याकडं बघून हसायचा. मला त्यांचं काहीच वाटत नव्हतं.

"ग्रीफ आहे, आई," संग्राम म्हणाला. "मास्तर गेल्याचं मनातच ठेवलंय तिनं. युनिव्हर्सिटीत काउन्सेलर असतात. अपॉइंटमेंट घेतलीय."

"अपॉइंटमेंट घे. पण एकदा संध्याकाळी तू स्वतः बघ."

"ती प्रॅक्टिस करते, त्यात काय बघायचं?"

मग मीच बघितलं. दार थोडं ढकललं. सावनी रेषेच्या अलीकडं उभी होती, तलवार दोन्ही हातांत, पाठ माझ्याकडं. पलीकडं कुणी नव्हतं. तिनं वार केला आणि तो हवेत अडला. पोलादाचा आवाज झाला. तिची तलवार बाजूला ढकलली गेली. एकटं माणूस हवेत तलवार फिरवतं तेव्हा तोल पुढं जातो. तिचा तोल मागं जात होता, समोरून जोर आल्यासारखा. मी भिंतीकडं बघितलं. मास्तरांची खुंटी रिकामी होती.

पलीकडच्या अंधारात मला फक्त एक बारीक उजेडाची रेघ दिसली, कोळ्याच्या धाग्यावर ऊन पडावं तशी. ती हलत होती. वर, खाली, आणि मग टिचकी. सावनीचं मनगट झटकन मागं आलं. "सॉरी," ती म्हणाली. थोडं थांबून हसली, कुणीतरी काही बोलल्यासारखं. पुन्हा पवित्रा घेतला.

आणि तिचा पुढचा पाय. पहिल्यांदा मी गॅरेजमध्ये बघितलं होतं तेव्हा ती रेषेपासून चांगली लांब उभी राहायची. आता तिचा अंगठा खडूला टेकायला आला होता.

त्या रात्री जेवताना मी विचारलं, "सावनी, पलीकडं गेलीस तर परत कशी येणार?"

ती भात चिवडत होती. "तिकडं गेल्यावर परत यायचं नसतं, आजी. तसा नियमच आहे." आणि मग लहानपणी हट्ट करायची तशा आवाजात, "एकच धडा राहिलाय."

संग्रामनं पाण्याचा ग्लास खाली ठेवला. त्यानंतर त्यानं अपॉइंटमेंटचं नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसातून सुट्टी काढून तो मला मोरागकडं घेऊन गेला.

मोराग लहान चणीची, पांढऱ्या केसांची बाई. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते कोठार समोर दिसतं. मी मराठीत सांगत होते, संग्राम इंग्रजीत करत होता. पट्टीवरचं नाव मी वाचल्याचं त्यानं गाळलं. मी त्याला कोपर मारलं, तेव्हा सांगितलं.

तिनं सगळं ऐकून एवढंच विचारलं, "सरळ केलीत?"

"हो."

ती उठली, चहा ओतला, परत बसली. "तो गेल्यापासून तलवार वाकवेपर्यंत रोज संध्याकाळी कोठारातल्या फळ्या वाजायच्या. तेलाचा वास यायचा. मी कुणाला सांगितलं नाही. तलवार वाकवली त्या दिवसापासून बंद झालं."

"म्हणून तुम्ही ती घरात नको म्हणालात?" संग्रामनं विचारलं.

"भीती तलवारीची नव्हती," ती म्हणाली. "मी स्वतःच एखाद्या दिवशी ती सरळ करीन, त्याची होती." ती खिडकीबाहेर बघत होती. "रॉरी वाईट माणूस नाही. त्याला फक्त धडा अर्धा सोडता येत नाही. तो तुमच्या मुलीला सगळं शिकवील. शेवटचा धडा कुठं असतो, तुम्हाला माहीत आहे."

"वाकवायला हवी पुन्हा," संग्राम म्हणाला.

"ती त्याच्या हातात असताना?" मोरागनं विचारलं. "त्यानं ठेवली तर वाकवाल."

"सकाळी खुंटीवर असते तेव्हा करू."

मी मान हलवली. सकाळी मी ती तलवार उतरवायचा प्रयत्न करून बघितला होता. दोन्ही हातांनी ओढली तरी खुंटीवरून निघाली नाही. जणू मूठ कुणीतरी धरून ठेवली होती. नाव घेऊन काम दिलं होतं. काम संपलं असं कुणी सांगितलं नव्हतं.

परत येताना रस्त्यात ऊन उतरायला लागलं. संग्राम कधी नव्हे ती जोरात गाडी चालवत होता. घरी पोचलो तेव्हा गॅरेजच्या बाहेरचा दिवा लागलेला होता.

मी आत गेले, तांब्यात पाणी भरलं, पितळी पेला घेतला, गुळाचा खडा घेतला. "तू शेगडी पेटव," मी संग्रामला सांगितलं. तो कोळशाची पिशवी घेऊन अंगणात गेला.

गॅरेजमध्ये तेलाच्या वासानं श्वास घेववत नव्हता. सावनीची तलवार खाली जमिनीवर ठेवलेली होती. ती हात मोकळे सोडून रेषेपाशी उभी होती. पुढचा पाय खडूवर. खुंटी रिकामी.

"येस," ती समोर बघून म्हणाली. "आय अ‍ॅम रेडी."

मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं. "सावनी."

"आजी, जा ना आत. प्लीज. तो बोलावतोय."

"ऐकू येतंय मला." खरं तर मला काही ऐकू येत नव्हतं. "जायचं तर जा. पाय तुझा आहे. पण मग मीपण येणार मागोमाग. तिथं तुझा शेवटचा धडा चालेल आणि मी बाजूला बसून म्हणणार, जेवलीस का, स्वेटर घाल, केस बांध. बघ शिकता येतं का."

तिचे खांदे हलले. मला वाटलं रडतेय, पण ती हसत होती, आणि मग खरंच रडायला लागली. पाय मात्र खडूवरच होता.

मी पेला आणि गुळाचा खडा पुढं धरला. रेषेच्या पलीकडं हात गेला तसा कोपरापर्यंत गारठला. दुकानात बोलायची त्याच आवाजात मी बोलले.

"रॉरीमास्तर, काम झालं. हत्यार ठेवा. पाणी घ्या."

काही झालं नाही. माझा हात अवघडला. गॅरेजमध्ये फक्त सावनीचा श्वास ऐकू येत होता, आणि बाहेर संग्राम हेअर ड्रायरनं कोळसा फुलवत होता तो आवाज. मला एकदम भीती वाटली की त्यांना मराठी कळत नाही. मग आठवलं, त्यांना मराठी कधीच कळत नव्हतं. त्यांना पेला कळायचा.

मास्तरांची तलवार जमिनीवर पडली. रेषेच्या अलीकडं पडली, आमच्या पायांशी. आणि माझ्या हातातल्या पेल्याचं वजन गेलं. दोन्ही बाजूंनी. तो दोन्ही हातांनी धरला गेला होता.

"आता," मी सावनीला म्हटलं.

तिनं पाय मागं घेतला. तेवढं एक पाऊल घेताना तिच्या तोंडातून जो आवाज आला तो मी पुन्हा कधी ऐकला नाही, आणि ऐकायचा नाही. मग तिनं वाकून तलवार उचलली. तिच्या हातून ती उचलली गेली.

अंगणात कोळसा लाल झाला होता. संग्राम ड्रायर धरून उभा होता, त्याचे डोळे लाल होते, धुरानं असतील. मी पकड घेतली आणि घण सावनीच्या हातात दिला. "आमच्यात बाईच मारते," मी म्हटलं. "आणि शिष्य तू आहेस. दुसऱ्या कुणी केलं तर त्यांना ते अर्धवटच वाटेल."

या वेळी लोखंड मुळीच ऐकत नव्हतं. लाल झालं तरी वाकत नव्हतं. सावनी मारत होती आणि घण उडून परत येत होता. तिच्या मनगटावरचे सगळे वळ काळे दिसत होते. एकदा ती थांबली, तिचा हात उघडा पडला होता. मी म्हटलं, "अगेन." तिनं माझ्याकडं बघितलं आणि मारलं.

मधोमध पातं वाकलं. मग एकदम सैल झालं, नुसत्या लोखंडासारखं. डोक्यावरचा भारा उतरवून ठेवताना माणूस सोडतं तसा एक सुस्कारा ऐकू आला. संग्राम म्हणतो, तो ड्रायर बंद पडल्याचा आवाज होता. ड्रायर खरंच बंद पडला होता, जळाला होता.

आम्ही आत आलो तेव्हा तेलाचा वास नव्हता. रेषेच्या पलीकडं जमिनीवर पितळी पेला ठेवलेला होता, रिकामा. त्याच्या शेजारी गुळाचा खडा तसाच होता. घोडी तिकडं नसावी.

मोराग उन्हाळ्यात राख आणि तलवार घेऊन गेली. तिनं फोटो पाठवला होता. गवत, दगड आणि करडा समुद्र. मधल्या काळात ती तलवार आमच्याच गॅरेजमध्ये होती, दुमडलेली, आणि ती कुणीही उचलू शकत होतं. सावनी पुन्हा जेवायला लागली, अभ्यासाला लागली. आता शनिवारी ती कोठारात नवीन मुलांना शिकवते. तिथली रेष तिनं ठेवली आहे. ती मुलांना सांगते की शेवटचा धडा मला येत नाही, तो मी शिकवणार नाही. मी अजून गूळपाणी घेऊन जाते. तिला गूळ आवडतो.

खंडेनवमीला संग्राम अजूनही पट्ट्या चिकटवतो. मी त्या मनात वाचते आणि हत्यार हातात देते. तोंडानं नाव घेत नाही.

गॅरेजमधली रेष सावनीनं साबणानं घासून काढली, त्याला आता बरेच दिवस झाले. कुठं होती ते सांगताही येणार नाही. संग्राम असलं काही मानत नाही, विचारलं तर हरणांचं सांगतो. पण गाडी लावताना तो ती अलीकडंच लावतो, इतकी अलीकडं की मला दार उघडून उतरता येत नाही. पलीकडं भरपूर जागा आहे.